गुडविल : निरंक

वाणिज्य शाखेची पदवी घेतलेल्या माणसाला जगातल्या कुठल्याही वस्तूचे मोल काढता येते, असा एक समज आहे. आमच्या घरात तो कधी रुजला नाही. मी मंडईतून आणलेल्या वांग्यांचे मोल आमच्या सौभाग्यवती माझ्याहून जलद काढतात आणि ते मी मोजलेल्या पैशांच्या नेहमी निम्मेच भरते. तरीही परीक्षेपुरते का होईना, आम्ही मोल काढायला शिकलो होतो. त्यात 'गुडविल' नावाचा एक धडा होता. गुडविल म्हणजे धंद्याचा नावलौकिक, त्याची पत, गिऱ्हाइकांचा लोभ. आता लोभ ही काय मोजायची वस्तू आहे? पण कॉमर्सवाल्यांनी तीही सूत्रात बसवली. धंद्याला चारचौघांपेक्षा जो जादा नफा होतो तो 'सुपर प्रॉफिट'. त्याला तीन किंवा पाच वर्षांनी गुणायचे. उत्तर येईल ते तुमचे गुडविल. आणि धंदा तोट्यात असला तर? तर गुडविल निरंक. आमचे सर फळ्यावर भले मोठे शून्य काढीत, खडू झटकीत आणि म्हणत, "तोट्यातल्या दुकानावर कोण हो जीव लावील?"

सरांचा प्रश्न बिनतोड होता. पण उत्तर इंग्लंडात एक अख्खा खेळ सव्वाशे वर्षांहून अधिक काळ तोट्यातल्या दुकानांवर जीव लावून चालला आहे. त्याचे नाव रग्बी लीग.

रग्बी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अंड्याच्या आकाराचा चेंडू काखेत मारून पळणारी, चिखलाने माखलेली दांडगी माणसे येतात. पण या चिखलातही दोन जाती आहेत. 'युनियन' ही पंधरा जणांची, साहेबी. 'लीग' ही तेरा जणांची, गिरणी-खाणीतल्या कामगारांची. लीगमध्ये चेंडूवाल्याला समोरचे आडवा करतात, तो उठतो, पुन्हा पळतो, पुन्हा आडवा होतो. असे सहा वेळा झाले की चेंडू दुसऱ्या पक्षाकडे. कबड्डीतली धरपकड आणि सकाळची नऊ-पाचची लोकल पकडण्याची हातोटी यांचा गुणाकार केला की साधारण कल्पना येते.

बँकेतल्या माणसाला हा खेळ आपला वाटावा याचे कारण निराळेच आहे. त्याचा जन्म मैदानावर झाला नाही, पगारपत्रकावर झाला. एकोणिसाव्या शतकात यॉर्कशायर-लँकेशायरचा कामगार शनिवारीही कामावर जाई. सामन्याला गेला की रोज बुडे. उत्तरेकडच्या क्लबांनी म्हटले, निदान बुडालेला रोज तरी भरून द्या. १८९३ साली हा ठराव लंडनच्या सभेत आला आणि १३६ विरुद्ध २८२ मतांनी पडला. ज्याला परवडत नाही त्याने खेळू नये, असा दक्षिणेतल्या मंडळींचा एकूण सूर होता. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड गावच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जमले आणि फुटून निघाले. बुडालेल्या रोजाची भरपाई ठरली दिवसाला जास्तीत जास्त सहा शिलिंग. आमच्याकडे महागाई भत्त्यावरून द्वारसभा होतात, घोषणा होतात, शेवटी वडापाव होतो. सहा शिलिंगांसाठी नवा खेळ काढणारी युनियन मी पाहिलेली नाही.

पुढे १८९८ साली खेळाडूंना उघड पैसे द्यायला परवानगी मिळाली, पण एक अट घालून. खेळाडूला खेळाखेरीज दुसरी रीतसर नोकरी हवी. ती नोकरीही कसलीही चालणार नाही. बिलियर्डच्या टेबलाशी उभे राहून गुण मोजणारा बाद, दारूच्या दुकानातला वेटर बाद. ही अट लिहिणारा गृहस्थ पुढचा जन्म घेऊन आमच्या एस्टॅब्लिशमेंट खात्यात आला असावा अशी माझी खात्री आहे. परवा माझ्या रजेच्या अर्जावर आलेल्या शेऱ्याची भाषा थेट तीच होती.

एवंच, पैशाच्या भांडणातून निघालेल्या या खेळाला पैसा काही कधी पुरला नाही.

मला या साऱ्याचा नाद लागला तो भाच्यामुळे. तो लीड्सला कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. आम्ही उभयता त्याच्याकडे पंधरा दिवस राहायला गेलो, तेव्हा सौभाग्यवतींनी दुकाने पाहण्याचे ठरवले आणि भाच्याने मला वाचवण्याचे ठरवले. "मामा, तुम्हाला जवळच एक मॅच दाखवतो," म्हणाला. जवळच म्हणजे बॅटलीला. बॅटली हे टेकड्यांवर वसलेले जुने गिरणगाव. चिंध्या पिंजून, त्यांची पुन्हा लोकर करून, स्वस्त कापड विणायचे तंत्र एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इथेच निघाले. त्या कापडाला 'शॉडी' म्हणत. 'हलक्या प्रतीचे' या अर्थाने इंग्रजीत रूढ असलेला शब्द तो हाच. पुढे गिरण्या गेल्या, धंदा गेला. आज चिंध्यांच्या लोकरीचे जगातले मोठे केंद्र आपल्या हरियाणात आहे, पानिपतला. एखाद्या गावच्या धंद्याचे इतके शब्दशः पानिपत झाल्याचे दुसरे उदाहरण माझ्या ऐकिवात नाही.

धंदा गेला, पण क्लब राहिला. आणि क्लबही ऐरागैरा नव्हे. १८९७ साली चॅलेंज कप नावाची मानाची स्पर्धा सुरू झाली, तिच्या पहिल्याच अंतिम सामन्यात बॅटलीने सेंट हेलेन्सला १०-३ ने हरवले. नंतर १८९८ आणि १९०१ सालीही कप याच गावात आला. त्यानंतर तो आजवर आलेला नाही. पण बॅटलीकरांशी बोलताना १९०१ साल गेल्याच आठवड्यात सरल्यासारखे वाटते.

मैदानाचे नाव माउंट प्लेझंट. ते उतरते आहे. म्हणजे दर्जाने नव्हे, जमिनीने. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चक्क उतार. अर्धा वेळ चढावर खेळायचे, अर्धा वेळ उतारावर. ताळेबंदात अशी घसरण मी पुष्कळदा पाहिली होती, मैदानात पहिल्यांदाच पाहिली. दारावर तिकिटे फाडायला एक पेन्शनर आजोबा उभे होते. बिनपगारी. यॉर्कशायरचे इंग्रजी आणि आपल्या पाठ्यपुस्तकातले इंग्रजी यांचा संबंध मालवणी आणि संस्कृत यांच्याइतकाच, म्हणून भाच्याला दुभाषी करून मी विचारले, "आजोबा, एरवी किती माणसं येतात हो?"

आजोबा म्हणाले, "पाऊस असला तर हजारभर."

"आणि नसला तर?"

"ते अजून पाहायचं आहे."

आत गेल्यावर मी सवयीने डोकी मोजू लागलो. खेळ इतरांनी पाहिला, मी गल्ला पाहिला. समजा बाराशे डोकी. म्हातारे आणि पोरे सवलतीत, म्हणून दर डोई सरासरी पंधरा पौंड धरू. झाले अठरा हजार. वर्षात घरच्या मैदानावर तेरा सामने धरले तर दोन लाख चौतीस हजार. आता खर्च. पंचवीस खेळाडू, प्रत्येकाला वर्षाला आठ हजार म्हटले तरी दोन लाख गेले. उरलेल्या चौतीस हजारांत बस, डॉक्टर, विमा, दिवे, गवत आणि तेरा जणांच्या चिखलाचे धुणे. एका बायकोच्या हातून एका माणसाचे धुणे होताना काय ऐकावे लागते, ते विवाहित वाचकांना ठाऊक आहेच. आकडे माझे, अंदाजाचे. पण आकडे कुणाचेही घ्या, या गणिताचे उत्तर सरांच्या फळ्यावरच येते.

म्हणून मग बाकीचे उद्योग. मटणाची पाय आणि वाटाण्याचा लगदा विकणे, बिअर विकणे, 'फिफ्टी-फिफ्टी' नावाची सोडत काढणे. सोडतीत निम्मी रक्कम जिंकणाऱ्याला, निम्मी क्लबाला. जिंकणारा आपली निम्मी घेऊन क्लबाच्याच बारमध्ये मित्रांना पाजतो, म्हणजे सगळी रक्कम संध्याकाळपर्यंत एकाच खात्यावर जमा. असा क्लिअरिंगचा वेग आमच्याकडेही नाही. खेळाडूही पूर्णवेळ नव्हेत. कुणी प्लंबर, कुणी मास्तर. रविवारी आडवा झालेला माणूस सोमवारी सकाळी कुणाच्या तरी मोरीचा नळ बसवायला उभा.

आणि मैदानाची नावेही विकायची. बॅटलीच्या मैदानाला काही वर्षे गावातच १८५३ साली निघालेल्या बिस्किटांच्या कारखान्याचे नाव होते. शेजारच्या फेदरस्टोनचे मैदान मध्यंतरी एका नाइट क्लबाच्या नावाने 'बिग फेलाज' झाले. कॅसलफर्डवाल्यांनी आपल्या मैदानाला आधी 'जंगल' म्हटले आणि मग यंत्रांच्या रबरी नळ्या दुरुस्त करणाऱ्या कंपनीने पैसे दिले, तेव्हा त्याचे 'मेंड-अ-होज जंगल' झाले. नळी-दुरुस्ती जंगल! गावकऱ्यांनी हसून घेतले आणि ते पूर्वीच्याच रस्त्याने आत गेले. गृहकर्जासाठी बायकोचे दागिने ठेवणाऱ्या माणसाला लाज वाटत नाही, घर राहिल्याचा आनंद असतो. तसेच हे.

एक काळ असा नव्हता. ५ मे १९५४ रोजी ब्रॅडफर्डच्या ऑड्सल मैदानावर वॉरिंग्टन आणि हॅलिफॅक्स यांचा कपाचा फेरसामना झाला, तेव्हा अधिकृत आकडा होता १,०२,५६९. मैदान म्हणजे गावाच्या कचऱ्याची भर टाकून उभारलेली वाटी. कचऱ्यावर लाखभर लोक उभे राहून मॅच बघत होते आणि गल्ला मोजणारे बहुधा बसून रडत होते, आनंदाने.

फेदरस्टोनची गोष्ट तर कादंबरीत शोभावी. जेमतेम पंधरा हजार वस्तीचे कोळशाच्या खाणीचे गाव. संघात दांडगा गडी कमी पडला तर खाणीच्या तोंडाशी शीळ घालायची, तो वर येतो, अशी तिकडे म्हण आहे. या गावाने १९६७, १९७३ आणि १९८३ असा तीनदा कप जिंकला, १९७६-७७ ची लीगही जिंकली. १९८३ च्या अंतिम सामन्यात वेम्ब्लीवर समोर बलाढ्य हल. शेवटच्या मिनिटांतल्या पेनल्टीवर फेदरस्टोन १४-१२ ने जिंकले. मग १९८४-८५ चा खाण कामगारांचा संप आला, मोडला, आणि १९८५ साली गावातली अ‍ॅक्टन हॉल खाण बंद झाली. आता शीळ घालायची तर कुठे? आणि ज्याचा पगार खाणीतून यायचा तो दारावर तिकिटाचे पैसे कुठून देणार?

अशा वेळी हिशेबनीस मंडळी धावून येतात. १९९५ च्या एप्रिलात रूपर्ट मर्डोक यांच्या कंपनीने टेलिव्हिजनसाठी तब्बल ७ कोटी ७० लाख पौंड देऊ केले. खेळ हिवाळ्यातून उन्हाळ्यात न्यायचा, नाव 'सुपर लीग'. सुपर प्रॉफिटवरून सुचले असावे. सोबत एक योजना आली. छोटे छोटे क्लब एकत्र करा. कॅसलफर्ड, वेकफील्ड आणि फेदरस्टोन मिळून एक क्लब, नाव 'कॅल्डर'. तिथून वाहणाऱ्या नदीचे नाव. हलमधल्या दोन हाडवैऱ्यांचे मिळून 'हंबरसाइड'. कंब्रियातल्या चार क्लबांचे मिळून 'कंब्रिया'.

कागदावर योजना चोख होती. मी बँकेतला माणूस, मर्जर कोळून प्यायलेला. १ एप्रिल २०२० रोजी दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या. पाटी बदलते, पासबुकाचा रंग बदलतो, आयएफएससी कोड बदलतो. गिऱ्हाईक चार दिवस कुरकुरते आणि जुन्याच नावाने नव्या बँकेत येत राहते. कारण त्याचा पैसा आत असतो. खातेदार एका शाखेतून दुसऱ्या शाखेत वर्ग करता येतो. प्रेक्षक वर्ग करता येत नाही. इकडचे चार हजार, तिकडचे तीन, पलीकडचे तीन, एकूण दहा हजार, असे योजनेचे गणित. पण शंभर वर्षे ज्यांना शिव्या देण्यासाठी आपण तिकीट काढले, त्यांच्याशेजारी बसून नदीच्या नावाने टाळ्या वाजवायला कोण जाणार? तिन्ही गावे उठली. निषेध झाले, सभा झाल्या. काही आठवड्यांत जोडणीची योजना बारगळली आणि टेलिव्हिजनची रक्कम उलट वाढून ८ कोटी ७० लाखांवर गेली.

मात्र या नकाराचे बिल आलेच. कॅसलफर्डला सुपर लीगमध्ये जागा मिळाली, फेदरस्टोनला नाही. १९९६ ते २०२५ या तीस हंगामांत ते गाव एकदाही तिथे खेळले नाही. कीथली नावाच्या गिरणगावाने त्याच १९९५ साली दुसरी श्रेणी जिंकली होती, रीतीने त्यांना वर चढायचे होते. नव्या मांडणीत वरची शिडीच काढून घेतली. पहिल्या नंबराने पास झालेल्या मुलाला शाळेने त्याच वर्गात बसवावे, तसे झाले.

गावकऱ्यांचे गणित बरोबर होते हे पुढे एका प्रयोगाने सिद्ध झाले. शेफील्डच्या क्लबाने १९९८ साली कप जिंकला होता. पुढच्याच वर्षी पैशाच्या ओढाताणीत त्याची हडर्सफील्डशी जोडणी झाली. २००० सालचा हंगाम जोडसंघाने तळाला राहून पुरा केला. त्याच साली शेफील्डमध्ये निराळा क्लब पुन्हा उभा राहिला. दुसरा प्रयोग मोठ्या शहरांचा. २९ मार्च १९९६ ला सुपर लीगचा पहिला सामना थेट पॅरिसमध्ये भरवला, सतरा हजारांवर लोक आले. १९९७ च्या हंगामानंतर पॅरिसचा संघ नाहीसा झाला. टोरांटोने २०१७ साली धूमधडाक्यात प्रवेश केला, मोठे खेळाडू आणले आणि २०२० च्या जुलैत साथीच्या काळात मधूनच माघार घेतली. अठ्ठावीस लाख वस्तीच्या शहराला जे टिकवता आले नाही ते बॅटलीने सोडतीच्या तिकिटांवर टिकवले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तर बॅटली इतिहासात पहिल्यांदा वेम्ब्लीवर खेळले. '१८९५ कप' या छोट्या क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हॅलिफॅक्सकडून १२-१० ने हरले. भाच्याने फोनवर सांगितले, "मामा, गाव रिकामं झालं होतं." मी म्हटले, "गल्ला?" तो म्हणाला, "मामा, प्लीज."

पण वाचकहो, हे सगळे गोड मानून घ्यायला माझी पदवी आड येते. लोभाने विजेचे बिल भरत नाही. लीड्सच्या दक्षिणेकडच्या हन्स्लेट क्लबाने १९०७-०८ सालच्या हंगामात चारही कप जिंकण्याचा पराक्रम केला होता, जो तोवर कुणी केला नव्हता. गिरण्या-कारखान्यांची वस्ती उठली, प्रेक्षक पांगले, आणि १९७२-७३ च्या सुमारास त्यांचे पार्कसाइड मैदान विकले गेले. १९७३ साली क्लबच गुंडाळला. जमिनीला भाव होता, क्लबाला नव्हता. कुठलाही ऑडिटर याला योग्य निर्णय म्हणेल. मीही म्हटले असते, सही-शिक्क्यानिशी.

मात्र त्या ऑडिट रिपोर्टाला एक पुरवणी आहे. काही महिन्यांतच जुन्या मंडळींनी 'न्यू हन्स्लेट' नावाने क्लब पुन्हा उभा केला आणि १९७३-७४ च्या हंगामात तो खेळायलाही लागला. मैदान नव्हते, म्हणून कुत्र्यांच्या शर्यतींचे मैदान भाड्याने घेतले. गोलाचे खांबही नेहमीसारखे नव्हते, अमेरिकन पद्धतीचे, चिमट्यासारखे दोन फाटे फुटलेले. ना जमीन, ना गंगाजळी, ना खांब धड. बाजारात ज्याला किंमत होती ते सगळे विकून झाले होते. मग उरले होते ते काय? कॉमर्सच्या पुस्तकात त्याला एकच नाव आहे, आणि ते निरंक असायला हवे होते.

अलीकडे यावरही तोड निघाली आहे. क्लबांना आता गुण देतात. २०२३ साली पहिल्यांदा जाहीर झालेल्या पद्धतीत एकूण गुण २०. चाहत्यांचे ५, कामगिरीचे ५, हिशेबाचे साडेचार, मैदानाचे ३, समाजकार्याचे अडीच. पंधरा मिळाले की 'अ' श्रेणी. चाहत्यांत प्रत्यक्ष येणारे लोक धरतात, आणि इंटरनेटवरचे अनुयायीही धरतात. ही बातमी वाचून मला हायसे वाटले. प्रेमाला शून्याऐवजी पाच गुण मिळू लागले, म्हणजे सरांच्या काळापासून लेखाशास्त्राने प्रगती केली म्हणायची. फक्त एक शंका आहे. पावसात उभा राहून तिकिटे फाडणारा तो म्हातारा कुठल्या रकान्यात घालतात? त्याचा इंटरनेटवर पत्ता नाही, आणि तो फुकट आत जातो म्हणून गल्ल्यातही तो मोजला जात नाही.

सरांना आता जाऊन बरीच वर्षे झाली. पण त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे. सर, तोट्यातल्या दुकानावर जीव लावणारी माणसे असतात. दुकान तोट्यात आहे हे त्यांना आपल्याआधी ठाऊक असते, कारण तो तोटा सोडतीचे तिकीट घेऊन आणि गार झालेली पाय गरम म्हणून खाऊन दर पंधरा दिवसांनी तेच भरून काढीत असतात. ज्या दिवशी ती यायची थांबतील त्या दिवशी तुमचे सूत्र अचूक ठरेल. तोवर त्या रकान्यात शून्य लिहायला माझा हात धजत नाही. मी तो कोरा सोडतो आणि खाली पेन्सिलीने टीप लिहितो: 'रक्कम पडताळणीसाठी बाकी.'